बसची जीभ

४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तुझी भावजय बरी आहे, तिची पाठ नेहमीइतकीच बरी आहे. तू कशी आहेस ते माझ्या लेकीकडून कळतं, म्हणून विचारत नाही. विचारलं तरी तू मला सांगणार नाहीस.

सोबत तुझा बसचा पास आहे. फुकट आहे. आता ही फुकटची वस्तू केवढ्याला पडली ते ऐक. पास कचेरीत माझ्या चार खेपा. लेकीची एक रजा. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा. तुझ्या दाखल्याच्या सात प्रती, कारण सहावी पुसट आली. खिडकीवरच्या बाईंसाठी मागवलेले दोन चहा, त्यातला एक त्यांनी नको म्हटल्यामुळे मला प्यावा लागला. आणि फोटोपायी झालेली शोभा. एवढं सगळं झाल्यावर बाईंनी शिक्का हाणला आणि म्हणाल्या, "घ्या काका, पूर्ण फुकट."

फोटोचं असं झालं. लेक तुझ्याकडून फॉर्मवर सही घेऊन आली, पण फोटो आणायला विसरली. (फॉर्ममागे मी आहे हे तिने तुला सांगितलं नाही. तिला रागावू नकोस, मीच तसं सांगितलं होतं.) मी म्हटलं, पुन्हा हेलपाटा कशाला, घरात फोटो आहे की. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन झालं, त्या दिवशीच्या फोटोतून तुझा चेहरा कात्रीने कापला. बाईंनी तो उजेडात धरला.

"हा हात कोणाचा?"

"माझा."

"आणि पास कोणाचा काढायचाय?"

"बहिणीचा."

"मग हात काढा."

हात कापायला गेलो तर त्याबरोबर तुझा खांदा जात होता. रांगेत मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "द्या हो बाई, हातसुद्धा ज्येष्ठ नागरिकच आहे!" सगळी रांग हसली. मीही हसलो. मग लेकीला पुन्हा तुझ्याकडे पिटाळलं.

त्या दिवसाबद्दल मला आता काही लिहायचं नाही. मी तुला उचलून आत नेलं ते तुला आवडलं नाही, एवढं मला कळलं. तू काहीतरी म्हणालीस म्हणे. टाळ्या वाजत होत्या, मागे कॉम्प्रेसर चालू होता, मला ऐकू आलं नाही. हे मी तेव्हाच निरोपात कळवलं होतं. दोन वर्षं झाली त्याला. असो.

कामाचं लिहितो. लेक सांगत होती की पलीकडच्या ग्रंथालयात अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि त्यांनी तुला बोलावलंय. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारपासून. न्यायला दोन माणसं पाठवतो म्हणाले, तर तू म्हणे त्यांना ऐकवलंस, "मी वाचायला येणार आहे, सामान म्हणून नाही. माझी मी येईन." हे ऐकून मी कारखान्यात एकटाच हसलो. छापखान्यात प्रुफं तपासायचीस तेव्हा मालकालाही तू असंच सुनवायचीस.

तर तुझी तू कशी जाशील ते तुझ्या भावाने आधीच करून ठेवलंय. चौदा नंबरची बस तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि ग्रंथालयाच्या दारात उतरवते. त्या मार्गावर चार बस आहेत. चारही बसच्या दारातला रॅम्प माझ्या कारखान्यातला. चारच कशाला, गावभर अशा बेचाळीस बस आहेत. आम्ही त्या रॅम्पला जीभ म्हणतो. जाड पत्र्याचा फळा दारात आडवा निजलेला असतो. ड्रायव्हरने उतरून कडी ओढली की बस जीभ बाहेर काढते, फुटपाथला टेकवते, आणि तुझी चाकांची खुर्ची सरळ आत. कोणी कोणाला उचलायचं नाही.

मलाही सहासष्टावं लागल्यापासून ज्येष्ठांचा पास आहे. गाडी कारखान्यात ठेवतो आणि दिवसातून एकदा माझ्याच एखाद्या बसमध्ये डोळे मिटून बसतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. शेडमध्ये तीस जण हातोडे मारत असतात, त्यात एकाचा घाव पोकळ पडला तर मी हातातला चहा खाली ठेवतो. तर सांगतो, माझी एकही बस खडखडत नाही. दुसऱ्यांनी बांधलेल्या बस म्हणजे भांड्यांचं कपाट गडगडत चाललंय. माझी पाण्यावरून चालल्यासारखी. आणि या सगळ्या गावातली खुर्चीवरची माणसं रोज माझ्या जिभेवरून चढतात, उतरतात. आशीर्वाद कोणाला द्यायचा ते त्यांना माहीत नाही, इतकंच.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून तुझं पोट भरलं नसेल, पण हे पत्र तरी लाल पेन बाजूला ठेवून वाच.

तुझा खिळा
(हे नाव तूच ठेवलंस, छापखान्यातल्या अक्षराच्या खिळ्यासारखा एकदा बसला की हलत नाही म्हणून. बाहेर मला शेठ म्हणतात. सातवी नापास, बेचाळीस बस पास.)


१९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. माझं पत्र मला पोचलं.

दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तेही समासात, लाल शाईत. 'फुकट' जिथे जिथे होतं तिथे तू 'मोफत' केलंस. पास कचेरीतल्या बाईंच्या तोंडचंही सोडलं नाहीस. त्या बाई खरंच फुकट म्हणाल्या होत्या गं. 'आशीर्वाद' या शब्दाखाली दोन रेघा आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'उचलून' खोडलंस. बाकी एक ओळ नाही, एक अक्षर नाही. पण पास परत आला नाही. मी ते उत्तर समजतो.

तुझ्या भावजयीला दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं, निदान शुद्धलेखनावर तरी बोलणं सुरू झालं."

बसमधली एक गंमत सांगतो. परवा माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. दोघींकडे पास. एकीच्या मांडीवर रिकामी पिशवी.

"दवाखान्यात निघालीस का?"

"छे गं. घरी तसं सांगते. सूनबाई म्हणतात, किती दिवस ती कंबर दाखवणार! म्हटलं, डॉक्टर नवीन आहे, त्याला सापडत नाही."

"मग जातेस कुठे?"

"शेवटच्या स्टॉपला."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. तिथून परत यायची बस आहे."

दोघी इतक्या हसल्या की कंडक्टरनेही मागे वळून पाहिलं. मग पिशवीवाली हळूच म्हणाली, "अगं, पन्नास वर्षं कुठे जायचं तर कोणाला तरी विचारावं लागायचं, आणि कोणाकडून तरी पैसे मागावे लागायचे. आता फक्त चप्पल घालायची." माझं वय झाल्यापासून मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, त्यात मोफत प्रवासावर याहून चांगलं बोललेलं ऐकलं नाही. बघ, मोफत लिहिलं.

बाकी तुझ्या गुरुवारचं. मला वाटतं, एप्रिलमध्ये ऊन फार असतं. स्टॉपवर सावली नाही, मी मुद्दाम जाऊन पाहिलं. शिवाय सकाळी गर्दी असते आणि चौदा नंबरच्या बस सध्या दुरुस्तीला वगैरे जात-येत असतात. तू एक महिना थांब. ग्रंथालयाला मी सांगतो, माझी ओळख आहे. थांबायचं नसेल तर पहिले काही गुरुवार मी गाडी पाठवतो. माझा ड्रायव्हर भला माणूस आहे. सोबत कारखान्यातले दोघे देतो, ते तुला अलगद, म्हणजे अगदी सांभाळून, कोणाला दिसणारसुद्धा नाही.

विचार कर. हट्ट करू नकोस.

तुझा भाऊ


३० मार्च

ताई,

नमस्कार शेवटी करतो. उत्तर आधी.

नाही. उघडत नाही.

तुझा कागद काल लेकीने आणून दिला. गाडीचा आख्खा परिच्छेद तू खोडलास आणि समासात तुझी ती शेपटीवाली खूण काढलीस, काढून टाका म्हणून. ती मला लहानपणापासून ओळखता येते. खाली लिहिलंस, 'जीभ उघडते का? एका शब्दात लिहावे.' त्या पत्रात मी जिभेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तू त्यावरूनच ओळखलंस. चाळीस वर्षं लोकांनी गाळलेले शब्द शोधलेस, तुझ्यापुढे माझं काय चालणार.

आता काय झालं ते क्रमाने सांगतो.

पहिलं पत्र पाठवलं त्यानंतर आठवड्याने मी चौदा नंबरमध्ये बसलो होतो. राखीव सीटवर, डोळे मिटून, आपल्याच बसचा आवाज ऐकत. बाजारापुढच्या स्टॉपवर बस थांबली आणि कंडक्टरचा आवाज आला, "मागून येतेय दुसरी, मोकळी आहे." मी डोळे उघडले. खाली खुर्चीवर एक गृहस्थ होते. पन्नाशीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा आणि फाइल. ऑफिसला निघालेला माणूस.

ते म्हणाले, "गेल्या तासाभरात मागून तीन आल्या."

मी उठलो. ड्रायव्हरला म्हटलं, "अहो, जीभ काढा की."

"काय काढू?"

"रॅम्प, रॅम्प. तो कशासाठी ठेवलाय?"

"तो निघत नाही काका. बोल्ट मारलेत."

"कोणी?"

"ज्याने बनवला त्यानेच. खडखड वाजतं म्हणून. लई शहाणा माणूस दिसतोय."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा ना खाली, आम्हाला कामं आहेत." ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "राहू द्या. पास मिळालाय, बस मिळायची आहे." दार बंद झालं. मी खाली बसलो. तो शहाणा माणूस मीच, हे मी कोणाला सांगितलं नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत माझी बस पाण्यावरून चालल्यासारखी चालत होती.

बोल्टचं खरं असं आहे. दोन वर्षांपूर्वी पहिली बस तयार झाली. तपासणीचे साहेब आले, त्यांनी जीभ काढून बघितली, आत लोटून बघितली, सही केली. दुसऱ्या दिवशी मी त्या बसमधून फेरी मारली. बस खड्ड्यातून गेली की दारातला फळा खणकन वाजायचा. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मला ते सहन होईना. लोक म्हणतील, शेठची बस वाजते. मी फोरमनला म्हटलं, "दोन बोल्ट मार, फळा दाबून बसव."

फोरमन म्हणाला, "शेठ, मग निघेल कसा?"

"सतरा नंबरचा पाना लावला की निघेल."

"ड्रायव्हरजवळ पाना नसतो शेठ. पाने डेपोत असतात."

"मग डेपोतून मागून घेतील. आत्तापुरते मार रे, पुढे खाली रबर लावू आणि बोल्ट काढू."

बेचाळीस बस, चौऱ्याऐंशी बोल्ट. रबर लावायचं राहिलं ते राहिलंच. बसचा आवाज बंद झाला म्हणून माझ्यापुरतं ते काम संपलं होतं. माझ्या बस वाजत का नाहीत ते मी तुला अभिमानाने लिहिलं होतं ना? जीभ बांधून ठेवल्यावर कोण वाजणार आहे!

हे मला अकरा तारखेपासून माहीत होतं. तरी एकोणिसाव्या तारखेला मी तुला ऊन, गर्दी आणि सावली लिहून पाठवली. तुला एक महिना घरी बसवायला निघालो होतो, तेवढ्यात गुपचूप बोल्ट काढून घेतले असते आणि तुला काही कळलं नसतं. आणि नाहीतर तू गुरुवारी स्टॉपवर आली असतीस, दार उघडलं असतं, आणि चार भले लोक खाली उतरून म्हणाले असते, चला आजी, आम्ही उचलतो. माझ्याच बसमध्ये.

आता दुसरं लिहितो. हे लिहायला मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

'निघेल कसा' हे फोरमनचं म्हणणं मला नीट ऐकू आलं होतं. आणि शेडच्या उद्घाटनाच्या दिवशी तू म्हणालीस तेही.

नव्या शेडच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. त्यांच्या बाजूने उतार बांधायचा तर दोन पोती सिमेंट आणि एका गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. ते मला सुचलं नाही असं नाही. गवंड्याने विचारलंही होतं, "शेठ, तुमच्या ताई येणार ना, उतार काढू का?" मी म्हटलं, "नको, मी आहे." बारा वर्षांचा असल्यापासून तुला पाठीवर घेऊन छापखान्यात पोचवत होतो, ते गावाला ठाऊक होतं, पण पाहुण्यांना नव्हतं. त्यांनी बघावं असं मला वाटलं. मोठा झालेला माणूस अजून बहिणीला उचलतो. फोटोवाल्याला मी सांगून ठेवलं होतं, पायऱ्यांवर थांब म्हणून.

पहिल्या पायरीवर तू म्हणालीस, "खाली ठेव." हळू म्हणालीस, माझ्या कानाशीच. दुसऱ्या पायरीवर म्हणालीस, "खिळ्या, खाली ठेव मला." मी चालत राहिलो. तिसऱ्या पायरीवर तू माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरलीस. पुढे मायकपाशी जाऊन मी म्हणालो, "मंडळी, हे मी आयुष्यात उचललेलं पहिलं वजन!" लोक हसले, टाळ्या झाल्या. तू पण हसलीस. फोटोत तसं दिसतं. पासासाठी तो फोटो कापायला घेतला तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिला. ओठ हसताहेत, आणि मूठ अजून कॉलरवर आहे.

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की कॉम्प्रेसर चालू होता. तो बंद होता, ताई. भाषण नीट ऐकू जावं म्हणून मीच बंद करायला लावला होता.

तू आयुष्यभर ज्यांना ज्यांना 'खाली ठेव' म्हणू शकली नाहीस त्यात मी नव्हतो, मला तू म्हणालीस. म्हणजे मी ऐकेन असं तुला वाटलं होतं. हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

पुढे काय केलं ते सांगतो, म्हणजे गुरुवारचा हिशेब तुला करता येईल.

तुझा कागद येण्याआधीच, बाविसाव्या तारखेला, मी डेपोत गेलो. साहेबांना म्हटलं, "जिभेचे बोल्ट काढायचेत."

"कशाला? कोणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला आधी बसमध्ये चढावं लागतं साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "शेठ, दोन वर्षांनी आठवण झाली?"

"झाली."

"मग लेखी द्या. चूक कोणाची तेही स्पष्ट लिहा. उद्या माझ्यावर यायला नको. आणि नव्या साठ बसचं काम निघतंय हे तुम्हाला ठाऊक आहे. हा कागद त्या फाइलला लागणार."

"लागू द्या," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण त्याआधी पाणी मागितलं आणि पेला रिकामा केला. कागद दिला. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. तिच्यात चुका सापडतील, त्या जरूर दुरुस्त कर. मजकूर मात्र बदलू नकोस.

साठ बस बहुतेक जातील. जाऊ देत असं म्हणत नाही, फार वाईट वाटतंय. पण गेल्या तर बरोबर गेल्या असं म्हणेन.

दुपारी एक ते चारच्या वेळात बऱ्याच बस डेपोत उभ्या असतात. रोज तेवढा वेळ मी आणि फोरमन जातो. तो बोल्ट सोडवतो, मी खाली वाकून रबराच्या पट्ट्या बसवतो. कारखान्यातले दोघे पाठवता आले असते, पण फोरमन म्हणाला, "शेठ, मारा म्हणताना तुम्ही एकटेच होता." दोन वर्षांत गंज धरून काही बोल्ट असे बसलेत की कापावे लागतात. तेव्हा तो फक्त माझ्याकडे बघतो.

चौदा नंबरच्या चारपैकी तीन बस झाल्या. तीनही आता थोड्या वाजतात. चौथी रंगकामाला गेली आहे, ती गुरुवारपर्यंत परत आली तर तिचे बोल्ट तसेच असतील. तिच्या मागच्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे. ती आली तर हात करू नकोस, जाऊ दे. पुढची वीस मिनिटांत येते.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, खुर्ची सरळ आत जाते. तेही तपासलं. परवा डेपोत खुर्ची मागवून मी स्वतः बसलो आणि चाकं ढकलत जिभेवर चढायला गेलो. अर्ध्यावर हात भरून आले आणि मी मागे घरंगळत थेट फोरमनच्या पोटात. मेकॅनिक लोकांची करमणूक झाली. चढ हवा त्यापेक्षा जास्त आहे. तुझे हात माझ्यापेक्षा मजबूत आहेत हे मला माहीत आहे, तरी खरं ते सांगतो. पत्र्यावर आता घट्ट धरणाऱ्या खरबरीत पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्याने चाक घसरत नाही. दुसऱ्यांदा मी पोचलो, पण धापा टाकत. तिन्ही बसच्या ड्रायव्हरांना समजावून आलोय. जीभ टेकवायची, मागे उभं राहायचं, आणि खुर्चीला हात लावायचा नाही. बाईंनी स्वतः सांगितलं तरच लावायचा, आणि सोड म्हणाल्या की सोडायचा. एका ड्रायव्हरने विचारलं, "आणि हळू आवाजात म्हणाल्या तर?" मी म्हटलं, "तरी ऐकू येतं."

मी गुरुवारी स्टॉपवर येणार नाही. गाडी घेऊन मागे मागेही येणार नाही, तशी इच्छा झाली होती. ग्रंथालयाच्या दारातही उभा राहणार नाही. जायचं की नाही, कोणत्या गुरुवारी जायचं, ते तू ठरव. शेडच्या पायऱ्या अजून तशाच आहेत, गवंडी सोमवारी येतोय. आधी बस, मग पायऱ्या, असं ठरवलं.

एक राहिलं. डेपोत व्हीलचेअरने चढणाऱ्या प्रवाशांची वेगळी वही ठेवतात, तसा नियमच आहे. तुला लिहिलं होतं ना, गावातली खुर्चीवरची सगळी माणसं रोज माझ्या जिभेवरून चढतात म्हणून. ते तपासायला साहेबांकडून ती वही मागून घेतली. वर ठळक अक्षरांत शीर्षक आहे, खाली रकाने आखलेले आहेत, तारीख, बस, स्टॉप, सही. बेचाळीस बस, दोन वर्षं. वहीत एकही नोंद नाही.

नमस्कार करतो.

तुझा धाकटा भाऊ